जामीनदार कोण? भौतिकशास्त्रज्ञ, क्वांटम कंपन्या आणि आपण

(शेगाव येथे विद्यार्थी-युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मित्रांनो, मैत्रिणींनो, आयोजकांनी मला विषय दिला होता ‘नवं तंत्रज्ञान आणि करिअरच्या संधी’. त्यावर बोलणार आहे, पण जरा आडवाटेनं जाऊन. कारण असं, की तीन आठवड्यांपूर्वी इथल्याच एका मुलानं मला व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. तो इथे समोर बसलाय, नाव घेत नाही. चित्रात निळा उजेड, मधोमध सोनेरी झुंबरासारखं एक यंत्र, आणि खाली एका प्राध्यापकांचा फोटो. ‘सुप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ आमच्या क्वांटम कंपनीत वैज्ञानिक सल्लागार म्हणून रुजू.’ त्याखाली त्याचा प्रश्न: “भाई, कंपनी चांगली आहे ना? इंटर्नशिपचे पैसे मागतायत. भरू का?”

मी त्याला उलटा प्रश्न विचारला, “तुला चांगली का वाटली?” तो म्हणाला, “इतका मोठा माणूस उगाच नाव देईल का?”

या एका वाक्यावरच आज मला बोलायचंय.

आधी घरातली एक गोष्ट सांगतो. मी बारावीत असताना अब्बूंच्या एका दोस्तानं पतसंस्थेतून कर्ज काढलं, ऑटो घ्यायला. दोन जामीनदार लागत होते. एक अब्बू झाले. फॉर्म चार पानांचा होता, अब्बूंनी शेवटचं पान उघडलं आणि सही केली. दोस्ती होती, वाचायचं काय त्यात. दीड वर्षानं हप्ते थांबले, दोस्त सुरतेकडे निघून गेला आणि नोटीस आमच्या दारात आली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी जे पैसे बाजूला ठेवले होते त्यातले निम्मे तिकडे गेले. अम्मी चिडल्या, मामू म्हणाले वकील करा. अब्बू एवढंच म्हणाले, “दस्तखत तो मेरीच है ना.”

मला त्या वेळी अब्बूंचा राग आला होता. आता त्या वाक्याची किंमत कळते. जामीन राहणं म्हणजे काय हे त्यांना सही करताना कळलं नव्हतं, पण नंतर त्यांनी ते नाकारलं नाही. मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव कंपनीच्या पानावर दिसलं की मी स्वतःला विचारतो: या माणसाची सही नेमकी कशावर आहे? आणि हप्ता थकला तर नोटीस कुणाच्या दारात येणार आहे?

आता क्वांटम कंपनीला भौतिकशास्त्रज्ञ लागतो कशाला, ते बघू. आपल्यासारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांना तो लागत नाही. माझ्या कंपनीत शेकडो लोक आहेत, भौतिकशास्त्राचा डॉक्टर एकही नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. कारण आपण ज्या चिपवर काम करतो तिचं भौतिकशास्त्र आपल्यासाठी केव्हाच सुटलंय. शून्य म्हणजे शून्य, एक म्हणजे एक. क्वांटममध्ये ते अजून सुटतंय.

सुपरकंडक्टिंग पद्धतीचा क्यूबिट घ्या. ॲल्युमिनियमचे दोन थर, मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा. याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. हे सर्किट निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, त्याच्यावर एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकं, गार करावं लागतं. शेगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. हा फ्रिज उणे २७३ च्या घरात चालतो. पोस्टरवर जे सोनेरी झुंबर दिसतं ते म्हणजे संगणक, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते मुख्यतः त्या फ्रिजचं आतलं अंग आहे, चिप सगळ्यात खाली एका छोट्या डबीत असते. एवढं करूनही क्यूबिटची अवस्था अगदी थोडा वेळ टिकते. बाहेरची थोडी ऊब, थोडा गोंगाट आत शिरला की हिशोब बिघडतो.

किती बिघडतो ते साध्या गणितानं बघा. समजा, एखादी कंपनी म्हणते, आमची प्रत्येक पायरी ९९.९ टक्के अचूक आहे. ऐकायला झकास. पण हिशोबाच्या हजार पायऱ्या असतील तर ०.९९९ चा हजारावा घात काढा. उत्तर येतं सुमारे ०.३७. म्हणजे शंभरपैकी ३७ वेळाच सगळा हिशोब चुकीशिवाय पार पडेल. आणि उपयोगाच्या हिशोबांना लाखो, कोट्यवधी पायऱ्या लागतात. म्हणून चुका पकडून दुरुस्त करणारी रचना लागते, आणि त्यासाठी एका चांगल्या क्यूबिटमागे शेकड्यांनी साधे क्यूबिट खर्ची घालावे लागतात. कंपनीच्या मालकाला, पैसे लावणाऱ्याला, विक्री करणाऱ्याला हे ‘९९.९’ बघून आनंद होतो. त्याच खोलीत बसून ‘थांबा, याचा हजारावा घात काढला का?’ असं विचारणारा माणूस लागतो. वैज्ञानिक सल्लागाराचं खरं काम हे आहे. नाही म्हणणं.

आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. ज्यानं कोड लिहिला त्यानंच तो बरोबर आहे असं ठरवायचं नसतं, दुसऱ्यानं वाचून मान्यता द्यायची. नियम उत्तम आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता किती जण खरंच वाचतात, ते मला विचारू नका. नुसता अंगठा दाखवून मोकळे होतात. मीही केलंय. तेव्हा सल्लागार नावाचं पद आहे म्हणजे सल्ला दिला गेला, आणि दिला गेला म्हणजे ऐकला गेला, असं धरून चालू नका. काही सल्लागार दर आठवड्याला प्रयोगशाळेत बसतात. काही वर्षातून दोनदा ऑनलाइन येतात आणि थोडे शेअर्स किंवा मानधन घेतात. दोघांचा फोटो एकाच आकाराचा छापला जातो.

याची मोठी उदाहरणं देतो, म्हणजे हा विषय पोस्टरपुरता नाही हे कळेल. यातला एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना जाहीर झालं: जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस. काम होतं १९८४-८५ चं, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातलं. तेव्हा क्लार्क गुरू, डेव्होरे पीएचडी करून आलेला तरुण संशोधक आणि मार्टिनिस विद्यार्थी. अणूंच्या पातळीवर दिसणारे क्वांटम परिणाम हातात धरता येईल एवढ्या विद्युत सर्किटमध्येही दिसतात, हे त्यांनी दाखवलं. सर्किट तेच, जोसेफसन जंक्शनचं. आजच्या सुपरकंडक्टिंग क्यूबिटचं मूळ तिथे आहे.

पुढे या तिघांपैकी दोघं कंपन्यांत गेले. मार्टिनिस २०१४ मध्ये आपली सगळी टीम घेऊन गूगलमध्ये गेले. २०१९ मध्ये त्यांच्या ५३ क्यूबिटच्या सायकामोर चिपनं एक हिशोब २०० सेकंदांत केला आणि गूगलनं म्हटलं, महासंगणकाला याला दहा हजार वर्षं लागतील. आयबीएमनं लगेच उत्तर दिलं, नाही, नीट केला तर अडीच दिवस पुरतील. दहा हजार वर्षं आणि अडीच दिवस! दोन्हीकडे मोठमोठे शास्त्रज्ञ बसलेले. त्यानंतर सहा महिन्यांत, २०२० च्या एप्रिलमध्ये, मार्टिनिस यांनी गूगल सोडलं. त्याआधी त्यांना नेतृत्वाच्या जागेवरून हलवून सल्लागाराची भूमिका दिली गेली होती. ज्या माणसाला पुढे नोबेल मिळालं, त्याला ‘सल्लागार हो’ म्हटल्यावर तो घरी गेला. हे पद कधी मान असतो आणि कधी बाजूला बसवण्याची खुर्ची, हे त्यांना नक्की कळलं असणार. पुढे ते काही काळ ऑस्ट्रेलियात मिशेल सिमन्स यांच्या सिलिकॉन क्वांटम कंप्युटिंगमध्ये गेले, आणि नंतर त्यांनी स्वतःची कंपनी काढली, कोलॅब नावाची. डेव्होरे यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा ते गूगलच्या क्वांटम विभागात मुख्य शास्त्रज्ञ होते.

हे डेव्होरे मधली बरीच वर्षं अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या हाताखाली दोन विद्यार्थी साधारण एकाच काळात पीएचडी करत होते. एकाचं नाव चाड रिगेटी. त्यानं पुढे २०१३ मध्ये स्वतःच्या आडनावानंच कंपनी काढली. २०२२ च्या डिसेंबरपासून तिचे प्रमुख आहेत सुबोध कुलकर्णी, आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअरिंग करून एमआयटीत डॉक्टरेट केलेले. दुसरा विद्यार्थी आर. विजयराघवन. येलनंतर तो बर्कलीला गेला, जिथे १९८५ चा तो प्रयोग झाला होता, तिथे इरफान सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि २०१२ मध्ये मुंबईत टीआयएफआरला आला. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरमध्ये. आपण इथून रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो तर सकाळी व्हीटीला उतरून तिथे चहाच्या वेळेला पोचू, इतकं ते जवळ आहे.

एकाच गुरूचे दोन शिष्य. एकानं कंपनी काढली, दुसऱ्यानं सरकारी संस्थेत प्रयोगशाळा उभी केली. मी यातल्या कुणाला श्रेष्ठ म्हणत नाही. पण दोघांच्या कामाची बातमी कशी येते ते बघण्यासारखं आहे.

रिगेटीची बातमी शेअर बाजारातून येते. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग म्हणाले, खरोखर उपयोगाचे क्वांटम संगणक यायला पंधरा ते तीस वर्षं लागतील. एका माणसाच्या एका उत्तरावर क्वांटम कंपन्यांचे शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरले. त्या दिवशी कुठल्याही चिपमध्ये काहीही बिघडलं नव्हतं. बिघडला तो विश्वास.

टीआयएफआरची बातमी आली २०२४ च्या ऑगस्टमध्ये, आणि तीन ओळींत संपली. सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण. क्यूबिटची रचना आणि घडण टीआयएफआरमध्ये. नियंत्रण आणि मोजमापाची यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या क्वांटम प्रयोगशाळेची, काही बाजारातली इलेक्ट्रॉनिक्स आणि काही स्वतः प्रोग्राम केलेले बोर्ड जोडून बनवलेली. क्लाउडवरून तो वापरायची व्यवस्था टीसीएसच्या इंजिनिअरांची. मला ही बातमी आवडली ती एका कारणासाठी. कुणी काय केलं ते त्यात वेगवेगळं लिहिलंय. कंपनीचं काम क्लाउडचं आहे, तर तेवढंच सांगितलंय. सही कुणाची, कशावर, ते वाचणाऱ्याला कळतं. कुलाब्याच्या त्याच संस्थेत १९६० मध्ये टीआयएफआरएसी हा देशात बनवलेला सुरुवातीचा संगणक उभा राहिला होता, हजारो निर्वात नळ्यांचा. तोही त्या काळच्या जगातल्या मोठ्या यंत्रांपुढे लहानच होता. पण तो बनवताना माणसं तयार झाली.

आणि सहा क्यूबिट म्हणजे किती? इथे बसलेल्या कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी हे पाठ करा, फार उपयोगी आहे. सहा क्यूबिटची अवस्था साठवायला दोनचा सहावा घात, म्हणजे ६४ संख्या लागतात. तुमच्या मोबाइलवर होईल. २५ क्यूबिट, जेवढ्यांचा संगणक बंगळुरूच्या क्यूपीएआय कंपनीनं २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केला, त्याला सव्वातीन कोटींहून थोड्या जास्त संख्या. बऱ्या लॅपटॉपवर आरामात मावतील, अर्ध्या जीबीचा खेळ. ५० क्यूबिटला मात्र अठरा हजार टेराबाइटच्या आसपास मेमरी लागेल. तेव्हा कुणी सहा क्यूबिटवर किंवा पंचवीस क्यूबिटवर ‘जगातला कुठलाही संगणक करू शकत नाही असं काम’ करून दाखवतो म्हणाला, तर त्याच्या सल्लागार मंडळात नोबेलवाले असोत की नसोत, तुम्ही लॅपटॉप उघडा आणि करून बघा. याचा अर्थ सहा क्यूबिट फालतू आहेत असा नाही हां. ते घडवता येणं हीच मोठी गोष्ट आहे. पण ती घडवण्याची गोष्ट आहे, दावा तेवढाच करायचा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. सही केलेला माणूस चुकला तर काय होतं?

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट नावाचं गाव आहे, तिथे लिओ कौवेनहोवन हे फार मोठे भौतिकशास्त्रज्ञ. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांना नेमलं. मायक्रोसॉफ्टचा जुगार वेगळ्या क्यूबिटवर होता, मेजोराना नावाच्या अवस्थेवर चालणाऱ्या. असा क्यूबिट जमला तर तो मुळातच कमी चुका करेल, अशी आशा. २०१८ मध्ये कौवेनहोवन यांच्या गटाचा लेख ‘नेचर’मध्ये आला की मेजोरानाचा भक्कम पुरावा मिळाला. टाळ्या झाल्या. पण दोन भौतिकशास्त्रज्ञांना, सर्गेई फ्रोलोव्ह आणि विन्सेंट मूरिक यांना, ते आलेख बघून शंका आली. त्यांनी मूळ आकडे मागितले. हे दोघं कोण होते? पूर्वी कौवेनहोवन यांच्याच गटात काम केलेले. म्हणजे उस्तादाला शागिर्दांनी विचारलं, पूर्ण वही दाखवा. वही आली तेव्हा दिसलं की जे आकडे निष्कर्षाला साथ देत नव्हते त्यांतले काही छापलेल्या आलेखांतून गळले होते. २०२१ च्या मार्चमध्ये लेखकांनी तो लेख मागे घेतला आणि माफी मागितली. तपास करणाऱ्या तज्ज्ञांना मुद्दाम केलेली बनवाबनवी आढळली नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की उत्साहाच्या भरात ही मंडळी स्वतःच फसली.

मला हे मुद्दाम केलेल्या लबाडीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. लबाड माणूस ओळखायला आपण लहानपणापासून शिकतो. प्रामाणिक, विद्वान माणूस, ज्याच्यामागे मोठी कंपनी उभी आहे, पैसा आहे, सगळं जग ‘हो’ ऐकायला थांबलंय, त्याच्या डोळ्यांना ‘नाही’ दिसेनासं होतं. अशा वेळी त्याचं मोठं नाव आपल्याला वाचवत नाही. वाचवलं ते ‘वही दाखवा’ म्हणणाऱ्या दोघांनी, आणि त्यात त्यांचा काही फायदा नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं पुन्हा मेजोरानाची चिप जाहीर केली. सोबत ‘नेचर’मध्ये लेख होता. या वेळी त्या लेखाच्या समीक्षेच्या कागदांतच नोंद होती की यातले निष्कर्ष म्हणजे त्या उपकरणात मेजोराना अवस्था असल्याचा पुरावा नव्हे. जाहिरातीचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला, आणि ती नोंद किती जणांनी वाचली?

आता तुम्ही म्हणाल, भाई, डेल्फ्ट आणि कॅलिफोर्निया राहू द्या, आम्हाला काय त्याचं?

तर ऐका. माझ्या खालाच्या मुलानं गेल्या वर्षी एक कोर्स केला. ‘प्रमाणित क्वांटम इंजिनिअर’. फी अडतीस हजार, हप्त्यानं. पोस्टरवर एका निवृत्त प्राध्यापकांचा फोटो, खाली ‘मुख्य मार्गदर्शक’. कोर्समध्ये काय होतं? फुकट मिळणाऱ्या व्हिडिओंची यादी आणि शेवटी प्रमाणपत्र. मी त्या प्राध्यापकांचा ईमेल शोधून त्यांना लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी सभ्य. त्यांनी उद्घाटनाला एक तासाचं ऑनलाइन व्याख्यान दिलं होतं, त्यानंतर काही संबंध नव्हता, फोटो काढायला सांगतो म्हणाले. सांगितलं असेलही. फोटो अजून आहे. हप्ते भाईजान भरतायत, म्हणजे खरं तर खालूजान भरतायत.

यात त्या प्राध्यापकांचा दोष किती? मी बराच विचार केला. ते लबाड नाहीत. पण आपलं नाव कुठल्या घरात जाऊन काय काम करतं, याची कल्पना त्यांना नव्हती. पुण्या-मुंबईतल्या ज्या पोराचा काका संशोधन संस्थेत आहे, तो पोस्टर बघून काकाला फोन लावतो. काका म्हणतो, “अरे, यात काही नाही, सोड.” संपलं. त्याचे अडतीस हजार वाचले, आणि वाचले हे त्याला कळलंही नाही. आपल्या मोहल्ल्यात तो काका नाही. आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. माझ्या घरात ‘प्रोफेसर’ म्हणजे फक्त फोटोतला माणूस होता. ज्याला विचारायला माणूस नसतो, तो फोटोलाच विचारतो. म्हणून त्या नावाचं ओझं आपल्यावर जास्त पडतं. मोठ्या लोकांनी नाव देताना हे लक्षात ठेवावं अशी माझी अपेक्षा आहे, पण ते माझं भाषण ऐकायला इथे बसलेले नाहीत. तुम्ही बसला आहात.

मग करायचं काय? त्या मुलाला मी जे सांगितलं तेच सांगतो. कंपनीला ईमेल कर आणि विचार, सल्लागार महिन्यातून किती तास देतात आणि कुठल्या कामावर? त्या प्राध्यापकांना स्वतःलाही लिही. ‘आदरणीय सर’ लिहून दोन ओळी, बास. बहुतेक शास्त्रज्ञ उत्तर देतात, निदान माझा अनुभव तसा आहे. त्यांनी कंपनीच्या कामावर काही लिहिलंय का, ते शोध. आणि इंटर्नशिपला जो पैसे मागतो त्याला आधी विचार, पगार कोण कुणाला देतो? हा शेवटचा प्रश्न क्वांटमचा नाही, पण सगळ्यात आधी विचारायचा. त्यानं ईमेल केलं. कंपनीनं उत्तर दिलं नाही, प्राध्यापकांनी दिलं. काय दिलं ते त्याचं त्याला सांगू द्या. त्यानं पैसे भरले नाहीत एवढं मी सांगतो.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि इथल्या एका सरांनी तो मघाशी चहा घेताना घेतलाच. ते म्हणाले, तुम्ही पोरांना घाबरवताय, आधीच आपली मुलं मागे आहेत, संशय शिकवलात तर ती पुढे पाऊलच टाकणार नाहीत. सरांचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून दरवाजे कुठे खरे आहेत तेही सांगतो.

केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३ कोटी ६५ लाखांचं, २०३१ पर्यंतचं. त्यातली संवेदक आणि मोजमापाची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मिशननं आठ स्टार्टअप निवडले, त्यात पुण्याची क्यूप्रयोग प्रकाशावर चालणारी अणुघड्याळं बनवते, आणि आयआयटी मुंबईतली डिमिरा अतिशीत तापमानात चालणाऱ्या केबल. केबल, म्हणजे वायर! इथे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं बसली आहेत, त्यांना वाटतं क्वांटम म्हणजे फक्त गणितवाल्यांचं. त्या फ्रिजमध्ये वायर कुणीतरी ओढतो, बोर्ड कुणीतरी प्रोग्राम करतो. टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम असतो, व्हीएसआरपी, निवड झाली तर पैसे ते तुम्हाला देतात, तुम्ही त्यांना नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्वांटम कंप्युटिंगचे कोर्स फुकट आहेत.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सगळ्यात जवळचं काम तर क्वांटम संगणकापासून बचाव करण्याचं आहे. आपला बँकेचा व्यवहार ज्या कुलपांवर चालतो त्यातलं एक आरएसए. २०१९ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांचा अंदाज होता की ते तोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील. २०२५ मध्ये त्यांनीच तो दहा लाखांच्या आत आणला. आज तेवढे कुणाकडे नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत. तरी अमेरिकेच्या एनआयएसटीनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या कुलपांची मानकं जाहीर केली, आणि जगभरातल्या बँका, टेलिकॉम, सरकारी यंत्रणांना जुनी कुलपं शोधून बदलावी लागणार आहेत. ते काम वर्षानुवर्षं चालेल, त्याला पीएचडी लागत नाही, नीट कोड वाचता येणं लागतं. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षभर मी हेच करतोय. कंटाळवाणं आहे, पण पगार वेळेवर येतो.

वेळ संपत आलीय, आयोजक घड्याळ दाखवतायत. एक शेवटचं. आयबीएमनं २०१६ पासून खरा क्वांटम संगणक इंटरनेटवर खुला केलाय. आजही खातं उघडलं की महिन्याला काही मिनिटं फुकट मिळतात. कार्ड नंबर मागणाऱ्या कुठल्याही मधल्या माणसाची गरज नाही. मी लॅपटॉप आणलाय. नाश्त्याला कचोरी आहे असं कळलं, ती संपली की मागच्या खोलीत बसू. दोन क्यूबिटचं सर्किट लिहू, पाठवू आणि उत्तरं मोजू. पुस्तकात लिहिलंय की शून्य-शून्य आणि एक-एक एवढीच उत्तरं यायला हवीत, निम्मी-निम्मी. खऱ्या यंत्रावर तिसरं-चौथंही उत्तर येतं, थोड्या वेळा. ते किती वेळा येतं हे आपण वहीत लिहू, एकही ओळ न खोडता. इथलं वायफाय बेभरवशाचं आहे, ज्यांच्याकडे डेटा शिल्लक आहे त्यांनी हॉटस्पॉट चालू ठेवा. मुलींनी पुढे बसा, मागच्या वेळी पोरांनी लॅपटॉप घेरला होता आणि तुम्हाला काही दिसलं नव्हतं.